लगतधारक

फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "विचार करतोय, आता तुझ्याकडेच यावं राहायला." गुडघेदुखी आणि 'बरं, ठेवतो' यांच्या मधे ते वाक्य इतकं सहज येऊन गेलं, की जरा लक्ष नसतं तर निसटलंच असतं. मी ताबडतोब म्हटलं, "या की! विचारायचं काय त्यात?" आणि मग बराच वेळ बंद फोनकडे बघत बसले. विचारण्यासारखं खरं तर पुष्कळ होतं.

माझं बाबांवर प्रेम आहे. माझ्या बंद दारावरही आहे. अडचण एवढीच.

बरं, या अडचणीला आपल्या भाषेत धड शब्दही नाही. 'मर्यादा' म्हटलं की ती मुलीनं पाळायची असते, बापाला घालायची नसते. 'हद्द' म्हणायला जावं तर पुढे आपोआप 'झाली' येतं आणि भांडणाला तोंड फुटतं. 'अंतर' तर त्याहून अवघड. मला बाबांना अंतर द्यायचं नव्हतं, फक्त थोडं अंतर ठेवायचं होतं. एका क्रियापदाचा फरक, पण तो फोनवर कसा समजावून सांगणार? शेवटी मला 'बांध' बरा वाटला. दोन शेतांच्या मधला. तो कुणा एकाचा नसतो, त्यावरून चालता येतं, दमलं की बसताही येतं. आणि तो कोरताही येतो. बांध कोरणारा काही एका रात्रीत कोरत नाही, दरवर्षी नांगराचं एक तास जरासं पलीकडून घेतो, बस्स.

त्या रात्री मी फोनवर यादी केली. कामाच्या खोलीचं दार लावलेलं असेल तर आत यायचं नाही. टीव्ही रात्री दहाला बंद. नातीच्या अभ्यासावर आणि केसांवर भाष्य नको. पाहुण्यांना परस्पर बोलवायचं नाही. महिन्यातले दोन रविवार आमचे तिघांचे. मधली खोली बाबांची, पण तिथलं अर्धं कपाट आमचं. सातवं कलम होतं, औषधांचा डबा माझ्या ताब्यात. हे सातवं लिहिताना आपण बांध घालत नसून सरळ पलीकडच्या शेतात शिरतोय, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. भावालाही यादी वाचून दाखवली. तो दूर राहतो, त्यानं भरपूर सल्ला दिला. लांबून हद्दी फार स्पष्ट दिसतात.

"आधी महिनाभर राहून बघतो," असं म्हणून बाबा दोन बॅगा घेऊन आले. चार दिवस ती यादी माझ्या फोनमध्येच राहिली. पाचव्या दिवशी धीर करून मी ती त्यांच्यापुढे धरली. ते म्हणाले, "एवढ्याशा अक्षरात नको. कागदावर आण." आणला. त्यांनी चष्मा पुसला, कानामागची पेन्सिल काढली, यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि विचारलं, "लगतधारकाला नोटीस दिली होतीस?"

इथे सांगायला हवं, की बाबांची सगळी नोकरी सर्व्हेअर म्हणून गेली. दुसऱ्यांच्या हद्दी कायम करून देणं हेच काम. मोजणीला जायचं तर आजूबाजूच्या जमीनवाल्यांना, म्हणजे लगतधारकांना, आधी नोटीस जाते. ते हजर राहतात, हरकत असेल तर तिथेच बोलतात, मग खुणा रोवल्या जातात. "एकट्यानं ठरवलेली हद्द नकाशावर राहते, जमिनीवर राहत नाही," असं ते मला लहानपणी सांगायचे, तेव्हा मला त्यात काडीचाही रस नव्हता. मला आवडायची ती साखळी. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक जुनी गुंटर साखळी टांगलेली असे. ६६ फूट लांब, १०० कड्यांची. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० च्या सुमारास ती काढली. बाबा म्हणायचे, वापरून वापरून कड्यांचे सांधे झिजतात आणि साखळी लांबते. मग ती असते त्यापेक्षा कमी अंतर दाखवते. "दोष जमिनीचा नसतो, साखळी ताणलेली असते."

तर हा माणूस माझा एकतर्फी नकाशा हातात घेऊन बसला होता. मी म्हटलं, "बाबा, रागावू नका." ते म्हणाले, "रागावतोय कशाला? हरकती नोंदवतोय."

पहिलं कलम त्यांना मान्य होतं. पण त्याखाली त्यांनी लिहिलं, 'हेच मधल्या खोलीलाही लागू.' चार दिवसांत घड्या केलेले कपडे घेऊन मी तीनदा त्यांच्या खोलीत घुसले होते, दारावर टकटक न करता. एकदा ते आईचा फोटो पुसत होते. मी "अहो, मी पुसते ना!" म्हणत तो हातातून घेतलासुद्धा होता. त्यांनी तो प्रसंग काढला नाही. मला आपोआप आठवला.

टीव्हीवरून मात्र खडाजंगी झाली. माझं म्हणणं, आवाज कमी करा. त्यांचं म्हणणं, आवाज येतोच आहे, शब्द येत नाहीत. मला ती निव्वळ पळवाट वाटली होती. मग कळलं की ते अगदी खरं आहे. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात. 'स', 'श', 'फ' ही कुजबुजणारी व्यंजनं गळून पडतात आणि खर्जातले स्वर उरतात. अशा वेळी आवाज वाढवला तर घर हादरतं, वाक्य काही उलगडत नाही. शेवटी कानांची तपासणी करून घ्यायची आणि तोवर हेडफोन वापरायचे, असं ठरलं. हेडफोन नातीनं लावून दिले. त्या बदल्यात तिच्या केसांवरचं भाष्य बाबांनी सोडून दिलं. म्हणजे, शब्दांत सोडून दिलं. बघायचं तसं बघतातच.

पहाटे चारला बोळातला दिवा लावण्याचंही तसंच. 'ही कसली शिस्त' असं मी आठवडाभर चरफडत होते. म्हातारपणी शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप लवकर येते आणि लवकर उडते. त्यात डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात, भिंगं पिवळट होतात. विशीच्या मानानं साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. माझ्या 'दिवे बंद करा' या घोषणेनं त्यांच्यासाठी घरभर काळोख होत होता. आता बोळात जमिनीलगत एक मिणमिणता दिवा रात्रभर असतो.

पैशांचं बोलणं सगळ्यात अवघड जाईल म्हणून मी टाळत होते. ते बाबा आणि माझा नवरा दहा मिनिटांत उरकून आले.

सातव्या कलमावर त्यांनी शांतपणे आडवी रेघ मारली. "डबा माझा. विसरलो तर विचार. उघडून गोळ्या मोजायच्या नाहीत." मी हटले नाही, ते हटले नाहीत. तास गेला. तोडगा निघाला तो असा: कपाटाच्या दारावर तक्ता, गोळी घेतली की त्यांनी खूण करायची, आणि लागोपाठ दोन दिवस खूण चुकली तर डबा महिनाभर माझ्याकडे. पण बाथरूममधल्या दांडीबाबत मी त्यांची एकही हरकत ऐकली नाही. "मी काय पांगळा आहे?" असं ते म्हणाले. ६५ च्या पुढची साधारण तीनांतली एक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडते, आणि ओली फरशी 'मी सर्व्हेअर होतो' हे ऐकून घेत नाही. दांडी बसवली. ते तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. निषेध म्हणून असावं.

आता महिन्याचे पाच महिने झालेत. बॅगा माळ्यावर गेल्या, कुणी काही जाहीर न करता.

बोळात, माझ्या कामाच्या खोलीपासून थोडं दूर, त्यांची वाचायची खुर्ची असते. उजेड तिथे चांगला येतो. सुरुवातीला ती रोज थोडी थोडी माझ्या दाराकडे सरकायची, म्हणून बाबांनी स्वतःच भिंतीच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली. "याच्या अलीकडे खुर्ची आली तर सांग." मला सांगावं लागलं नाही. खुर्ची कायम खुणेवर.

परवा केर काढताना मी खाली वाकले, तेव्हा दिसलं. खुणेच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, भिंतीवर एक पुसट डाग होता. नीट पाहिलं तर खोडलेली रेघ. त्याच्या अलीकडे आणखी एक, तीही खोडलेली. खुर्चीखाली खोडरबराचा तुकडा पडला होता. वर बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले होते, हेडफोन लावून, आणि पान काही उलटत नव्हतं.

मी तो तुकडा उचलला, त्यांच्या पेन्सिलीशेजारी ठेवला आणि आत आले. दार लोटलं, कडी लावली नाही.