निबंधाआधीची वीस मिनिटं, आणि विषयातला ‘च’

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे, आणि ते मराठीतून लिहिता येतात. एका निबंधाला ९० मिनिटं आली. त्यातली २० आराखड्याला, ६५ लिहायला आणि ५ वाचून बघायला ठेवावीत. ६५ मिनिटांत ११०० शब्द म्हणजे मिनिटाला सतरा. पुढच्या परिच्छेदात काय म्हणायचंय ते आधीच ठरलेलं असेल, तरच हाताला हा वेग जमतो. पेन थांबतं ते बहुतेक वेळा विचार न ठरल्यामुळे, शब्द न सुचल्यामुळे नाही.

एक विषय घेऊ: ‘प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे’. कच्च्या पानावर सहसा हे उतरतं: प्रस्तावना, मातृभाषेचे महत्त्व, इंग्रजीचे महत्त्व, नवे शैक्षणिक धोरण, तंत्रज्ञान, समारोप. हा आराखडा नाही, ही मथळ्यांची यादी आहे. हवं तर तिचा क्रम बदलून बघा. तंत्रज्ञान आधी आणि धोरण नंतर घेतलं तरी काहीच बिघडत नाही. जिथे क्रम बदलून काही बिघडत नाही, तिथे युक्तिवाद अजून सुरूच झालेला नाही. म्हणून आराखड्यात नुसती नामं नकोत, क्रियापद असलेली पूर्ण वाक्यं हवीत. ‘इंग्रजीचे महत्त्व’ लिहिलं की आपण काहीच म्हटलेलं नसतं. ‘इंग्रजी विषय म्हणून शिकवली तरी पुरते, माध्यम करण्याची गरज नाही’ असं लिहिलं की बाजू घेतली जाते, आणि ती सिद्धही करावी लागते.

सुरुवात विषयाच्या शब्दांखाली रेघा मारून करावी. ‘प्राथमिक’ म्हणजे कुठपर्यंत? पहिली ते पाचवी धरू. ‘मातृभाषा’ म्हणजे कोणती? मेळघाटातल्या कोरकू मुलाची किंवा गडचिरोलीतल्या माडिया मुलाची मातृभाषा मराठी नाही, त्यामुळे ‘मातृभाषा म्हणजे मराठी’ असं गृहीत धरून लिहिलेला निबंध तिथेच लंगडा होतो. आणि शेवटी तो ‘च’. बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, पण सगळं वजन त्याच्यावर आहे. ‘मातृभाषेतून व्हावे’ ही शिफारस आहे, ‘मातृभाषेतूनच व्हावे’ ही सक्ती. सक्तीची बाजू घेतली तर विरोधकाने एक रास्त अपवाद दाखवला तरी पुरतं.

आता हाताशी असलेले आधार या ‘च’ला लावून बघावेत. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या ‘सोयी’ देण्याबद्दल बोलतो. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचं माध्यम सुचवतं, पण ‘शक्य असेल तिथे’. आणि २०१४ साली कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्य सरकारला प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम लादता येणार नाही असा निर्णय दिला. तिन्ही ठिकाणी ‘च’ नाही. मग आपली भूमिका एका वाक्यात अशी मांडता येते: पहिली ते पाचवी घरच्या भाषेत शिकण्याची सोय सरकारने केलीच पाहिजे, पालकांवर सक्ती मात्र नको. ‘च’ मुलावरून उचलून सरकारवर ठेवला. हे वाक्य कागदाच्या डोक्यावर लिहावं आणि एक प्रश्न विचारावा: एखादा समंजस माणूस याला विरोध करू शकेल का? ‘मातृभाषा महत्त्वाची आहे’ याला कुणीच विरोध करणार नाही, म्हणून ती भूमिका होऊ शकत नाही. इथपर्यंत सात-आठ मिनिटं गेली तरी चालतील. माझ्या मते हीच वेळ सगळ्यात कामाची.

पुढे कारणं. तीन पुरेत, प्रत्येक वाक्य ‘कारण’ने सुरू करावं. न्यायशास्त्रातल्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातल्या, अनुमानाची पाच अंगं इथे फार उपयोगी पडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या पर्वतावरही तसाच धूर आहे. म्हणून इथे अग्नी आहे. निबंधांमध्ये चौथं अंग, उपनय, हमखास गळतं. उदाहरण दिलं जातं आणि लगेच पुढचा मुद्दा सुरू होतो. ते उदाहरण आपल्या प्रतिज्ञेला कसं लागू पडतं हे सांगायचं राहूनच जातं.

पहिल्या कारणावर हे करून बघू. प्रतिज्ञा: लहान वयात परकं माध्यम समज अडवतं. हेतू: कारण मुलाला गणित आणि गणिताची भाषा एकाच वेळी सोडवावी लागते. उदाहरण: बारा बोरांतली सात खाल्ली तर किती उरली, हे दुसरीतलं मूल बोटांवर सांगतं, तेच इंग्रजीत ‘हाऊ मेनी आर लेफ्ट’ असं विचारलं की अडतं, कारण त्याला ‘लेफ्ट’ म्हणजे डावा एवढंच ठाऊक असतं. उपनय: चुकलं ते गणित नव्हे, पण गुण गणितातले गेले. निगमन: म्हणून पायाभूत संकल्पना घरच्या भाषेत याव्यात. साधारण १२० शब्दांचा परिच्छेद तयार झाला. असे नऊ परिच्छेद म्हणजे अख्खा निबंध.

कारणांचा क्रम लावताना दुसऱ्या क्रमांकाचं बळकट कारण आधी ठेवावं, सगळ्यात बळकट शेवटी. मधलं अगदीच लेचंपेचं वाटलं तर सरळ काढून टाकावं.

पूर्वपक्षाला, म्हणजे विरोधकाच्या बाजूला, दोन परिच्छेद राखून ठेवावेत, आणि तो विरोधकाला मान्य होईल इतक्या ताकदीने मांडावा. ‘मातृभाषेचा आग्रह धरणारे आपली मुलं इंग्रजी शाळेत घालतात’ हा टोमणा आहे, आक्षेप नाही. खरा आक्षेप असा: उच्च शिक्षण आणि चांगल्या नोकऱ्या इंग्रजीत असताना गरिबाच्या मुलाला मराठी माध्यमात ठेवणं म्हणजे त्याची वाट अडवणं. यातलं खरं ते आधी मान्य करावं, मग विषय आणि माध्यम यांतला फरक दाखवावा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, हा आधार इथे बसतो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: इतक्या भाषांची सोय कशी करणार? मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, म्हणजे सोय होऊ शकते. पण कोरकू किंवा माडियासाठी पुस्तकं आणि शिक्षक लागतील, हे इथे मोकळेपणाने लिहावं. शाळेतल्या ‘शाप की वरदान’ निबंधांनी ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणून थांबायची सवय लावलेली असते. उत्तरपक्ष, म्हणजे त्या आक्षेपांना आपलं उत्तर, न देता थांबलं की आधीची सगळी मेहनत वाया जाते.

आकड्यांसाठी आराखड्यात चौकट मोकळी ठेवावी. साल आणि स्रोत दोन्ही नक्की आठवले तरच ती भरावी, नाहीतर खोडावी. थोरामोठ्यांच्या वचनांनाही हाच नियम.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी ठरवली की ती भाषेच्या उत्पत्तीपासून सुरू होते आणि दोनशे शब्द खाते. वरचा बोरांचा हिशेब चार ओळींत सुरुवातीला आणला तरी भागतं, मग पहिल्या कारणात त्याचा फक्त उल्लेख करावा.

शेवटची दोन मिनिटं जोडशब्दांना. आराखड्यातली वाक्यं ओळीने वाचावीत आणि दोन वाक्यांच्या मध्ये काय बसतं ते बघावं. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘तरीही’ बसत असेल तर सांधा पक्का. नुसतं ‘तसेच’ आणि ‘शिवाय’च बसत असेल, तर तिथे यादी झाली आहे, ते वाक्य हलवा किंवा गाळा. लिहिताना मध्येच नवा मुद्दा सुचला तर तो समासात टिपून ठेवावा, आणि आराखड्यातल्या एखाद्या वाक्याखाली बसला तरच आत घ्यावा.