पाऊण दारूची .२२३: तिसरी फेरी

शनिवारी रेंजवर तीस काडतुसं उडवून आलो. मागच्या फेरीत पडलेलं कोडं एकदाचं सुटलं.

नव्यांसाठी थोडक्यात. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि रायफलची काडतुसं स्वतः भरतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये ग्राउंडहॉगनी उच्छाद मांडलाय. आपल्याकडची घूस आठवा आणि तिला गलेलठ्ठ बोक्याएवढी करा. बिळं अशी, की ट्रॅक्टरचं चाक रुतावं. पूर्ण जोराची .२२३ (माझ्या रायफलचं काडतूस) काम चोख करते, पण गोठा फार लांब नाही आणि दर बाराला गायी बिथरतात. मला हवा होता .२२ हॉर्नेट या सौम्य काडतुसाच्या आसपासचा जोर, तोही नवी रायफल न घेता. (माझी बोल्ट अ‍ॅक्शन आहे, म्हणजे दर बारानंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. अर्धस्वयंचलित रायफल एवढ्या कमी जोरावर नीट चालणार नाही.)

म्हणून काडतुसात दारूच कमी भरायची ठरवली. बंदुकीची दारू एच४८९५. मॅन्युअलमधल्या कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायची मुभा ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतःच देते. ही मुभा सरसकट नाही: संथ जळणारी बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) अशी कमी भरली तर दाब कसा चढेल याचा भरवसा नसतो. पिस्तुलाची जलद दारू चिमूटभर पुरते, पण चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) मावते, आणि तिथेच माझं मन कचरतं. एच४८९५ दुप्पट पडली तर सरळ ओसंडते. तरी गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येक पुंगळीत डोकावतोच. (आईला फोनवर सहज ‘दारू तोलतोय’ म्हणालो, तर पलीकडे बराच वेळ शांतता.)

पहिल्या फेरीत ५० ग्रेनच्या (सुमारे सव्वातीन ग्रॅमच्या) गोळीमागे ६० टक्के भार होता. वेग २,१०० फूट प्रति सेकंदच्या आसपास, पुंगळीच्या मानेवर काजळी, आणि दोन प्रायमर (दारू पेटवणाऱ्या, पुंगळीच्या बुडातल्या टोप्या) नखाला लागतील इतके बाहेर आलेले. दाबच इतका कमी, की मान फुगून चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या खोबणीला) घट्ट बसत नाही, म्हणून काजळी. पुंगळी मागे बोल्टवर रेटली जात नाही, म्हणून प्रायमर तसाच बाहेर.

मागच्या फेरीतलं कोडं वेगाचं होतं. भार काट्यावर तोललेला, तरी दोन बारांत शंभर फुटांची तफावत! म्हणून यावेळी ६०, ६७ आणि ७५ टक्क्यांची प्रत्येकी दहा भरली. पाच बारांआधी नळी वर करून दारू प्रायमरकडे आणली, पाचांआधी नळी खाली झुकवून गोळीकडे. ६० टक्क्यांवर दोन्ही सरासरींत ९० फुटांचा फरक, आणि प्रायमरकडची दारू जलद. अर्धवट रिकाम्या पुंगळीत दारू कुठे पडून आहे, एवढ्यावर सगळं अवलंबून. ७५ टक्क्यांवर हाच फरक ३० फुटांवर आला. वेग २,४५०, काजळी फक्त तोंडापाशी, प्रायमर जागच्या जागी. रिकामी जागा भरायला कापूस कोंबायचा सल्लाही मिळाला होता. त्याने चेंबरच्या धातूत कड्यासारखा फुगवटा आल्याचे किस्से ऐकलेत, त्यामुळे तो रस्ता बंद.

१०० यार्डांवर पाच गोळ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकल्या. २०० वर मात्र गोळी पाच-सहा इंच खाली, तेव्हा माझी हद्द दीडशे यार्ड. गोळी अजूनही ध्वनीच्या दुपटीहून वेगात जाते, त्यामुळे कडाका राहिलाच आणि कानांवर मफ्सही राहिले. नळीच्या तोंडाचा दणका मात्र नक्की उतरलाय.

गायींचं मत पुढच्या शनिवारी कळवतो.