आमची वाटचाल : पाटीवरचं 'आणि'

आमच्या पाटीवर 'अंगोरा ससे : शो आणि लोकर' असं लिहिलंय. त्यातल्या 'आणि'ने आम्हाला जेवढं दमवलं, तेवढं सशांनी दमवलं नाही.

धाकट्या बहिणीने आणि मी हा व्यवसाय सुरू केला तेव्हा हिशेब सोपा होता. लांब, मऊ लोकरीचा हा ससा शोला, म्हणजे सशांच्या स्पर्धेला न्यायचा, बक्षीस आणायचं, घरी येऊन कातरायचा, लोकर विकायची. एका जनावरात दोन उत्पन्नं. पण हिशेबाच्या वहीला जटा होत नाहीत, सशाला होतात.

अंगोऱ्याचा केस महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटर वाढतो. साधारण 90 दिवसांत तो सूत कातण्याजोगा होतो आणि त्याच सुमारास बऱ्याच सशांचा केस मुळातून सुटायलाही लागतो. सुटलेला केस खाली पडत नाही. तो अंगावरच्या केसांत अडकून बसतो आणि दोन्ही मिळून नमदा तयार होतो. लोकरवाला या घडीला कात्री उचलतो. शोवाला उचलत नाही, कारण त्याला लांब, भरगच्च केसांचा कोट दाखवायचा असतो. आमचा इंग्लिश अंगोरा जातीचा पहिला नर आम्ही असाच सात महिने जपला. शोनंतर कातरला तर पाठीची लोकर सुरेख, पण हनुवटीखालची, काखेतली आणि पोटाची पुठ्ठ्यासारखी. ज्या बाई आमच्याकडून चरख्यासाठी लोकर घेत, त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "वरच्याचं सूत झालं. खालचं उशीत भरा."

बरं, शोमध्ये तरी काही मिळालं होतं का? नाही. परीक्षकांनी त्याच्या पाठीवर फुंकर मारली आणि केसांच्या तळाशी ढळढळीत कातडी दिसली. आम्ही रोज संध्याकाळी त्याला मन लावून विंचरत होतो आणि आतली मऊ लोकर कंगव्यात निघून येत होती. घनता आम्ही स्वतःच्या हाताने रोज डब्यात भरत होतो! तेव्हापासून कंगवा फक्त गाठीपुरता. बाकी काम ब्लोअरचं. जोरदार हवेने केस मोकळा होतो, धूळ-कोंडा उडतो आणि लोकर अंगावर राहते. ब्लोअरच्या आवाजाची सवय मात्र पिल्लू असतानाच लावावी लागते. मोठा ससा एकदा बिथरला की मग तुमच्या मनगटांचं काही खरं नाही.

याहून मोठी किंमत एका मादीने मोजली. कापशी तिचं नाव. तीही शोसाठी कोट वाढवत होती. ट्रेमध्ये लेंड्या मण्यांच्या माळेसारख्या केसाने ओवलेल्या पडायला लागल्या, आणि आम्ही त्याचा चक्क फोटो काढला, गंमत म्हणून. दोन दिवसांनी लेंड्या बारीक झाल्या, मग थांबल्या. खाद्याची वाटी भरलेलीच. ससा अंग चाटताना केस गिळतो आणि मांजरासारखा ओकून टाकू शकत नाही. गवताने पोट हलतं राहिलं तरच तो केस पुढे सरकतो. आम्ही गवत हात राखून घालत होतो, कारण काड्या कोटात अडकतात. डॉक्टरांकडे नेलं तोवर उशीर झाला होता. आता सकाळी दिवा लावला की आधी ट्रे बघायचे, मग ससे. सुकं गवत चोवीस तास समोर, आणि आठवड्यातून एक दिवस गोळी-खाद्य बंद, फक्त गवत-पाणी. कोटात काडी अडकली तर अडकू दे.

त्यानंतर आम्ही दोन वह्या केल्या, शोची वेगळी आणि लोकरीची वेगळी. लोकरीसाठी जर्मन अंगोरा आणले. वर्षाला किलोभर किंवा त्याहून जास्त लोकर देणारा हा ससा. त्याचा केस आपोआप फारसा गळत नाही, त्यामुळे कातरावाच लागतो. बहिणीने लगेच विचारलं, "ताई, मग हाच शोला नेऊ?" पण अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या मानकात इंग्लिश, फ्रेंच, जायंट आणि सॅटिन अशा चारच अंगोरा जाती आहेत, जर्मन वेगळी जात म्हणून त्यात नाही. शोसाठी इंग्लिश राहिले. तोंडावर झुलपं, कानांच्या टोकांना गोंडे, आणि काम रोजचं. नवशिक्याने विचारलं तर मी फ्रेंच घ्या म्हणते. तोंड-कान मोकळे, राठ केसांचं प्रमाण जास्त, त्यामुळे गुंता कमी.

विणीतही दोन्ही वह्या भांडतात. मादी साधारण 31 दिवसांनी विते. 28व्या दिवशी घरट्याची पेटी ठेवतो, पण त्याआधी तिला कातरून घेतो, नाहीतर घरट्यासाठी ती स्वतःच उपटून घालते तो लांब केस पिल्लांच्या पायाला, मानेला गुंडाळला जातो. म्हणजे जी मादी शोला न्यायची, ती त्या हंगामात गाभण ठेवता येत नाही. नरांचं दुखणं उन्हाळ्याचं. तापमान 30 अंशांवर टिकलं की पूर्ण कोटातला नर धापा टाकतो आणि पुढे काही आठवडे त्याची वीर्यशक्तीही कमी होते. कातरला तर वीण वाचते, शो जातो.

कातरणं मला आवडतं. कातडी कागदासारखी पातळ, म्हणून केस वर ओढायचा नाही. ओढला की कातडीचा तंबू वर येतो आणि कात्री तिथेच लागते. दुसऱ्या हाताने कातडी सपाट ताणायची, कात्री अंगाला समांतर. मागे राहिलेला खुंट नीट दिसावा म्हणून पुन्हा कापायचा मोह टाळायचा, कारण ते अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे सुतात गाठी होऊन येतात. ससा दोन दिवस वेडाविद्रा दिसतो. दिसू दे.

2013 मध्ये चीनमधल्या फार्मवर जिवंत सशांची लोकर उपटतानाची चित्रफीत जगभर फिरली आणि अनेक मोठ्या कपडे कंपन्यांनी अंगोरा घेणं थांबवलं. आजही नवीन गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. आम्ही म्हणतो, कातरणीच्या दिवशी या आणि बघा. आलेल्यांतले बरेच जण ससा मांडीवर घेऊन बसतात आणि कामात व्यत्यय आणतात.

निव्वळ अंगोऱ्याचं सूत घेऊ नका, हेही आम्हीच सांगतो. या केसाला मेंढीच्या लोकरीसारखी कुरळी लवचीकता नसते, स्वेटर लोंबायला लागतो. वीस-तीस टक्के अंगोरा, बाकी मेंढीची बारीक लोकर, एवढ्यात ऊब येते आणि कडेला अंगोऱ्याच्या केसांचं ते धुकंही उठतं.

आज माझ्या वहीप्रमाणे इंग्लिश जातीच्या एका तरुण नराच्या कोटाचा नव्वदावा दिवस आहे. हनुवटीखाली बोट घातलं तर केस चिकटायला लागलाय. शो पाच आठवड्यांवर आहे. बहिणीने त्याच्या पिंजऱ्यावर चिठ्ठी लावलीय : 'ताई, हात लावू नकोस.' कात्री मात्र तिनेच धार लावून आणून ठेवलीय, ती कोणासाठी ते अजून सांगितलेलं नाही.