रजनीबाई आल्या

"आल्या बघा रजनीबाई!" नवी पेठेतल्या एका दुकानात चादरींचे पक्के बिल मागणाऱ्या आजींना दुकानदार आज असे म्हणाला. आजी हसल्या नाहीत. काउंटरवर बोट टेकवून, जीएसटीसह आकडा लिहून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. हक्काचे बिल मागणाऱ्या बाईला अजूनही टोमणाच मिळावा, हे मला दिवसभर खटकत राहिले.

१९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या, बासू चॅटर्जींच्या 'रजनी' मालिकेत प्रिया तेंडुलकरांनी गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत प्रत्येकाला जाब विचारणारी गृहिणी इतक्या ठसक्यात उभी केली की टॅक्सीचालक निषेधाला उतरले. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याचे श्रेय मालिकेला देणे भाबडेपणाचे ठरेल, पण हवा तयार होती.

विजय तेंडुलकरांच्या या मुलीने कथा लिहिल्या, सामाजिक प्रश्नांवर ठाम भूमिका घेतल्या आणि स्वतःच्या नावाच्या टॉक शोमध्ये अडचणीचे प्रश्न विचारले. २००२ मध्ये, पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या.

आजच्या मालिकांतल्या दागिन्यांनी मढलेल्या सुनांपैकी एक तरी कुणाला जाब विचारताना तुम्ही पाहिली आहे का?