मागच्या पायाची टाच

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आज म्हशीचा मागचा पाय जमला. तीन आठवडे अडकले होते त्यात.

भाचीसाठी चित्रांचं पुस्तक करते आहे, मोबाईलवर, इबिस पेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये. तिच्याकडच्या सगळ्या पुस्तकांत गाय म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके. वडगावात आमच्या दारावरून रोज म्हशी जातात, दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात त्यांना सजवून पळवतात, आणि पोरीच्या पुस्तकात त्यातली एक नाही. हे मला खरंच लागतं. म्हणून पहिलं पान पाडव्याच्या म्हशीचं.

रविवारी दूध घालायला आलेल्या काकांना चित्र दाखवलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हस बरी हाय गे, पण ही बसली तर उठून उभारणार कशी? मागच्या पायाला सांधाच न्हाई." मी चार खांब काढले होते.

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास त्यांच्या गोठ्यात बसते, वही आणि पेन्सिल घेऊन. मागच्या पायात मागे वळलेला जो कोपरा दिसतो, त्याला मी गुडघा समजत होते. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीत लपलेला. पुढच्या पायाचा "गुडघा" म्हणजे आपलं मनगट, आणि कोपर छातीपाशी. म्हणजे म्हैस चालते ती बोटांच्या टोकांवर, दोन नखांवर. मी स्वतः चवड्यावर उभी राहून पाहिलं आणि पाय एकदम कळला. चालताना आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा. हे मोजायला दोन सकाळी गेल्या.

आज रात्री जुन्या चित्राचा लेयर, म्हणजे थर, 30 टक्के फिका केला आणि वर नवा लेयर घेऊन आधी फक्त सांध्यांचे ठिपके दिले. ठिपके रेषेनं जोडले, मग त्यावर मांस. ब्रशची रेषा सरळ करून देणारी सोय बंद ठेवली. तिच्यामुळे रेषा गुळगुळीत होते, पण हात शिकत नाही असं मला वाटायला लागलंय. शेवटी सगळ्या आकारात एकच रंग भरून पाहिला. नुसत्या सावलीतून म्हैस ओळखू आली! पंढरपुरी म्हशीची शिंगं मानेवरून पार खांद्यामागे जातात, ती उठून दिसली.

रंगात मात्र अजून घोळ आहे. गडद काळा भरला की डोळा बुडतो. निळसर करडा घेऊन पाठीच्या कण्यावर उजेड दिला तेव्हा अंग गोल वाटलं. शिंगांचा लाल रंग उद्या.

झोपण्याआधी ताईला पाठवलं. भाचीचा आवाज आला मागून, "ही काकांची म्हस!" मग ताईचा निरोप: ती विचारतेय, हिचा कान शिंगाच्या वर कसा?

बरोबर आहे तिचं. कान खाली घेतला.