तंबू शिरोड्यापर्यंतच, पुढे डोक्यावर छप्पर घ्या

गोकर्णला 'समुद्राला अगदी लागून कॅम्पिंग' असं फोनवर सांगणाऱ्या कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. आम्ही मित्र कोल्हापूरहून आंबोलीमार्गे सिंधुदुर्गातलं शिरोडा, तिथून गोवा आणि गोवा-कर्नाटक हद्दीवरचा पोळेचा नाका ओलांडून कारवार-गोकर्ण असे बाइकवर जाऊन आलो. पाठ अजून धरलेली आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत बरेच जण याच वाटेने निघतील म्हणून लगेच लिहितोय.

आंबोली ते शिरोडा मजेत गेलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शिरोड्याला किनाऱ्यालगतच्या एका घरी विचारलं आणि त्यांच्या माडाच्या बागेत तंबू लावले. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी माणशी ३०० रुपयांत. जागेचे पैसे घेतलेच नाहीत. पौर्णिमा होती. काकू बजावून गेल्या, "झिलांनो, उधाणाचा पाणी हा, सुरूंच्या पलीकडे जाव नकात." हे वाक्य पुढच्या सगळ्या प्रवासासाठी लक्षात ठेवा.

गोव्यात शिरायला तेरेखोलच्या फेरीबोटीच्या भरवशावर राहू नका, आरोंद्याहून किरणपाणीचा पूल गाठा. गोव्यात किनाऱ्यावर तंबूचा विचार सोडा. उघड्यावर चूल पेटवायला बंदी आहे आणि २०२२ च्या आदेशात दंड ५,००० ते ५०,००० रुपये होता. बाइक वाळूत घालायलाही मनाई आहे. मोरजी, आगोंदला हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री टॉर्च फिरवत हिंडू नका. खोली घ्या आणि झोपा. काणकोणकडे जाताना करमल घाट अंधारात टाळा. अरुंद वळणं, समोरून ट्रक, त्यांचे दिवे थेट डोळ्यांवर. उजेड असेल तर असोळणे, बेतूल, आगोंद असा किनाऱ्याचा रस्ता धरा. वेळ जास्त लागतो, पण जीव मुठीत धरावा लागत नाही.

आता गोकर्ण. कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाइज असे किनारे उत्तरेकडून दक्षिणेकडे लागतात. ओमपर्यंत गाडीरस्ता आहे, पुढचे दोन पायी किंवा होडीने. कॅम्पच्या मालकाने आम्हाला फोनवर सांगितलं होतं, 'बाइक तंबूशेजारी लागेल, माणशी १,५००, सगळं धरून.' प्रत्यक्षात बाइक ओमच्या पार्किंगमध्ये सोडावी लागली. होड्या संध्याकाळी बंद झाल्या होत्या. सॅडलबॅगा खांद्यावर, पायात रायडिंगचे बूट आणि खडकांवरून चढउतार. त्या पायवाटेवर पायाखालचे दगड सुटे आहेत. दिवसा, चप्पल-सॅक घेऊन जाणाऱ्याला ती सोपी असेल. दिवसभर बाइक चालवून सामानासकट जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पोचल्यावर शेकोटीच्या लाकडाचे ४०० वेगळे, मोबाइल चार्जिंगचे ५०, आंघोळीच्या बादलीचे १००. जेवण म्हणजे गार भात आणि पाणचट डाळ.

तंबू आधीच ठोकलेले होते, ओल्या वाळूच्या रेषेपासून जेमतेम दहा पावलांवर. जागा बदला म्हटलं तर मालक म्हणाला, "पाणी इथे येत नाही." रात्री एकच्या सुमारास आलं. आधी जमिनीकडून गारवा, मग तंबूच्या तळाखाली वाळू सरकायला लागली आणि दाराशी काढून ठेवलेला बूट तरंगताना दिसला. खुंट्या उपटून वर पळालो आणि सकाळपर्यंत ओल्या स्लीपिंग बॅगा पांघरून बसलो. सकाळी मालकाने पूर्ण पैसे घेतले. ही सरळ लूट आहे.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दक्षिणेकडे थोडं आधी. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे एक-दोन दिवस जोरात असतं. आम्ही गोकर्णला होतो ती द्वितीया होती. दिवाळीत अमावास्या असते, हे सांगायला नकोच. तंबू लावायचाच असेल तर जिथे गवत किंवा मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) सुरू होते त्याच्या वरच, कुणी काहीही म्हणो.

कारवारला काळी नदीचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. वाहतूक नव्या पुलावरून जाते. त्याआधी जुलैत अंकोल्याजवळच्या शिरूरला दरड कोसळून महामार्ग गाडला गेला होता. डोंगर कापलेला तो भाग पाहिल्यावर सांगतो, पावसाळ्यात कारवार ते गोकर्ण नकोच.

परतताना गोव्याची बाटली बॅगेत ठेवू नका, महाराष्ट्रात शिरताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर सामान उघडायला लावतात. पीयूसी आणि विम्याची मुदत निघण्याआधी बघा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. आणि मुक्कामाच्या जागेचा व्हिडिओ भरतीच्या वेळी काढून मागा. जो पाठवणार नाही त्याच्याकडे जाऊ नका.