गाडी वडिलांच्या नावावर, चालवत होता मुलगा: क्लेम नाकारला तर

‘गाडी विमाधारक स्वतः चालवत नव्हता’ एवढंच कारण देऊन क्लेम फेटाळला असेल, तर आधी पॉलिसीतला ‘ड्रायव्हर्स क्लॉज’, म्हणजे गाडी कोण चालवू शकतं हे सांगणारं कलम, वाचा. भारतात खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत चालकांची यादी नसतेच. मुलगा, सून, भाचा, शेजारी, कोणीही चालवू शकतं. अट लायसन्सची: अपघाताच्या वेळी ते चालू हवं, त्याच प्रकारच्या वाहनाचं हवं आणि चालकाला अपात्र ठरवलेलं नसावं.

संपलेल्या लायसन्सला पूर्वी ३० दिवसांची सवलत होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. शिकाऊ लायसन्स असेल तर ‘एल’ची पाटी आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती, दोन्ही हवं.

खरं नुकसान होतं ते क्लेम फॉर्मवर चालक म्हणून वडिलांचं नाव घातल्यानं. दवाखान्याचे कागद, पंचनामा, सीसीटीव्ही यांत मुलगा दिसतो आणि मग कंपनी ‘खोटी माहिती’ हे कारण लावते. त्याच्याशी भांडणं फार अवघड. काहीही गरज नसताना लोक असा हक्काचा क्लेम घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

नकार लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासह. सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालाची प्रत मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र: चालकाचं नाव, नातं, लायसन्स कधीपासून कधीपर्यंत वैध, ड्रायव्हर्स क्लॉजमधला मजकूर जसाच्या तसा. सोबत आरटीओकडचा लायसन्सचा उतारा, क्लेम फॉर्म आणि पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत. पोच जपून ठेवा.

महिन्याभरात उत्तर नाही किंवा पुन्हा नकारच आला, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख रुपये. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार हवी. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोग उरतोच, तिथली मुदत दोन वर्षं. क्रम उलटा करू नका, कारण आयोगात गेलेलं प्रकरण लोकपाल घेत नाहीत.

एक नकार मात्र बरोबर असतो. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाचं असतं. गाडी चालवणाऱ्या मुलाला इजा झाली तर ते त्याला मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसीच हवी.